चोवीस तास पेटलेले मीटर: हौस तुमची, जीव मागच्याचा

रातवा
काल एकाने फोटो टाकलाय. गाडीचा मीटर उघडून त्यावर निळे ग्लो डायल, म्हणजे मूळ आकड्यांवर बसवायच्या स्वतः उजळणाऱ्या तबकड्या, चढवलेत आणि खाली लिहिलंय, "वायर सरळ इग्निशनला दिली, किल्ली फिरवली की मीटर पेटलेच, आता हेडलाइट लावा नाहीतर नका लावू, मीटर कायम दिसणार." त्याखाली सगळे 'एक नंबर', 'जबरी', 'किट कुठलं' एवढंच विचारतायत. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथे लिहितोय.

मीटरचा दिवा पार्किंग लाइटच्या लाइनवर असतो तो उगाच नाही. अंधारून यायला लागलं की आधी मीटर दिसेनासा होतो आणि हात आपोआप लाइटच्या स्विचकडे जातो. ही सवय लाखो लोकांची आहे आणि तुम्ही तीच तोडून टाकलीत. रस्त्यावर खांबांचा उजेड असेल तर हेडलाइट बंद आहेत हे कळतच नाही, समोर मीटर झगमगतोय म्हणजे लाइट चालूच असणार असं डोकं धरून चालतं. पुढे डीआरएल, म्हणजे गाडी चालू असली की दिवसाही आपोआप पेटणारे दिवे, असतील तर थोडाफार उजेड समोर पडतो, पण मागे? मागे ठार काळोख. बहुतेक गाड्यांत डीआरएल फक्त पुढे पेटतात, टेललाइट नाही.

आणि तो काटा बघा फोटोत. मूळ मीटरमध्ये उजेड मागून येऊन काट्याच्या बुडातून वर चढतो, म्हणून काटा लाल दिसतो. ग्लो डायलने ती वाट बंद केली. आता आकडे निळे पेटलेत आणि काटा काळा. रात्री ज्याच्याकडे बघायचं तोच दिसत नाही, याला मीटर सुधारला कसं म्हणायचं?

चौथागियर
तो फोटो माझाच आहे. सरळ मला विचारलं असतं तरी चाललं असतं, वेगळं भाषण कशाला.

काटा काळा आहे, मान्य, पण पेटलेल्या डायलवर काळी रेघ स्पष्ट दिसते, तुम्ही फोटोवरून बोलताय आणि मी रोज चालवतोय. माझ्या गाडीचे मूळ दिवे इतके मिणमिणते होते की साठ की ऐंशी हे वाकून बघावं लागायचं, बल्ब बदलले, मागची पांढरी पट्टी पुसली, काही फरक नाही. आता एका नजरेत दिसतं. वाकून बघणं सुरक्षित आणि नीट दिसणं धोक्याचं, हे कुठलं गणित?

वायरमन_दादा
दोघं थांबा जरा. फोटोत जे आहे ते ईएल डायल आहे, इलेक्ट्रोल्युमिनेसंट. त्यात बल्ब नाही, एलईडी नाही. झिंक सल्फाइडचा थर दोन इलेक्ट्रोडांमध्ये दाबलेला असतो, पुढचा इलेक्ट्रोड पारदर्शक, आणि त्याला एसी लागतो. म्हणून किटबरोबर ती काळी डबी येते, तो इन्व्हर्टर, बारा व्होल्ट डीसीचे साधारण शंभर व्होल्ट एसी करतो, काहीशे हर्ट्झला. बारीक चीं असा आवाज येतो तो त्याचाच, आणि अँटेनाच्या वायरजवळ डकवलात तर रेडिओत पण येतो.

चौथागियर, एक विचारतो, स्टॉकच्या, म्हणजे गाडीच्या मूळ डिमरला जोडलंय का किटबरोबरच्या उजेड कमी-जास्त करायच्या चाकाला? कारण नव्या गाड्यांचा डिमर सप्लाय भराभर बंद-चालू करून उजेड कमी करतो आणि तो सप्लाय इन्व्हर्टरला दिला की डायल लुकलुकतात.

चौथागियर
किटच्या चाकाला. स्टॉकचा तसाच आहे.

जुनीगाडी
मीटर 'झगमगतोय' म्हणून हिणवणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. क्रायस्लरने 1960 सालच्या गाड्यांत कंपनीतूनच ईएल मीटर दिले होते, पॅनेलसंट नावाने. 1966 च्या डॉज चार्जरमध्ये पण होते. अपोलो यानातल्या संगणकाचे आकडेसुद्धा याच तंत्रावर पेटायचे. 1936 साली देस्त्रियो नावाच्या फ्रेंच माणसाला झिंक सल्फाइड असं उजळतं हे दिसलं, तिथून हे सगळं आलंय. त्यामुळे आफ्टरमार्केट, बाहेरून बसवलेलं, म्हणून नाक मुरडू नका.

आणि कायम पेटलेले मीटरही नवे नाहीत. 1989 च्या लेक्सस एलएस 400 मध्ये ऑप्टिट्रॉन मीटर आले, ते दिवसाही पेटलेलेच असतात. तेव्हा कोणी बोंब मारली?

रातवा
जुनीगाडी, तुमचाच दाखला घ्या. लेक्ससने काट्यालाही स्वतःचा दिवा दिला होता. कंपनीने अख्खा मीटर त्या हिशोबाने बनवला, हा मूळ मीटरवर चिकटवलेला पत्रा आहे. आणि बोंब मारायला हवीच होती, आता मारतायत.

मला हे का लागतं ते सांगतो. संध्याकाळची वेळ, अर्धवट उजेड, मी समोरच्या ट्रकला ओव्हरटेक करायला आरशात बघितलं, मागे काही नाही. इंडिकेटर देऊन बाहेर निघालो आणि कानाशी हॉर्न, एक करडी गाडी अगदी दाराला लागून. पुढे जाऊन तो थांबला आणि माझ्यावरच आला. मी म्हटलं तुमचे लाइट बंद आहेत. तर म्हणतो, "बंद कसे, हे बघा ना," आणि दार उघडून मला मीटर दाखवला. पेटलेला मीटर! खाली स्विच सरळ बंदवर. त्या माणसाची मनापासून खात्री होती की लाइट चालू आहेत. बाजूच्या सीटवर पोर बसलं होतं.

तेव्हापासून 'मीटर कायम दिसतात' हे वाक्य मला सहन होत नाही.

सांजवेळ
रातवा, अगदी. मी रोज स्कूटरवर घरी येते आणि दिवसभरात तीच वेळ मला सगळ्यात वाईट वाटते. ठार अंधारात सगळेच लाइट लावतात, पण त्या आधीच्या अर्ध्या तासात ग्रे आणि काळ्या गाड्या मागून दिसतच नाहीत. आणि हे ग्लो डायलवाले नसतात हो, नवीन गाड्या असतात, स्क्रीनचे मीटर, पुढे डीआरएल, मागे काही नाही. तुम्ही एका हौशी माणसाला धरलंय, कंपन्यांनी हेच लाखांत विकलंय.

रातवा
ताई, बरोबर, आणि म्हणूनच कॅनडाने नियम केला. सप्टेंबर 2021 पासून तिथे विकायच्या नव्या गाडीत तीनपैकी एक पाहिजे: गाडी चालू असताना डीआरएलबरोबर टेललाइटही पेटले पाहिजेत, किंवा अंधार पडला की सगळे लाइट आपोआप लागले पाहिजेत, किंवा लाइट लावल्याशिवाय डॅशबोर्ड अंधारा राहिला पाहिजे. तिसरा पर्याय परत वाचा सगळ्यांनी. अंधारा डॅशबोर्ड ही सरकारने मान्य केलेली सुरक्षेची सोय आहे. युरोपात 2011 पासून नव्या मॉडेलच्या कारला डीआरएल सक्तीचे झाले, पण मागच्या लाइटची सक्ती त्यात नव्हती, तीच चूक.

खणखणीत
टेललाइट टेललाइट काय लावलंय, समोरून येणाऱ्या पांढऱ्याफेक एलईडीचं काय? हेडलाइटच्या ज्या घरात हॅलोजन बल्ब बसतो त्यात स्वस्तातला एलईडी कोंबायचा, झोत सगळा वर फेकायचा आणि वर अप्परवरच चालवायचं. मला रात्री गाडी चालवणं नको झालंय. ग्लो डायलने कोणी आंधळा होत नाही, या दिव्यांनी होतो. यावर धागा काढा आधी.

सांजवेळ
तो त्रास आहेच, पण वेगळा आहे. डोळे दिपले तरी समोर गाडी आहे हे तरी कळतं. न दिसणाऱ्या गाडीचं काय करायचं?

खणखणीत
दिपल्यावर तुम्हाला काहीच कळत नाही ताई, पायी चालणारा माणूसही नाही. माझ्या काकांनी एकाला असंच उडवलं असतं, समोरच्या झोतात तो माणूस विरघळून गेला होता. हे किरकोळ आहे का?

सांजवेळ
किरकोळ कोण म्हणालं? प्रत्येक चर्चेत हेडलाइट आणून टाकायचा तुमचा हट्ट आहे एवढंच.

खणखणीत
बरं. हट्ट तर हट्ट.

मंदप्रकाश
रंगाबद्दल कोणीच बोललं नाही. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या रॉड पेशी साधारण 507 नॅनोमीटरच्या उजेडाला सगळ्यात जास्त भुलतात, म्हणजे निळसर हिरवा, म्हणजे बरोब्बर ईएलचा रंग. अंधाराला सरावलेले डोळे तो उजेड लगेच मोडतो आणि पुन्हा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. लाल उजेडाला रॉड जवळजवळ दाद देत नाहीत, म्हणून बीएमडब्ल्यूने वर्षानुवर्षं मीटर तांबूस ठेवले. साबने तर नाइट पॅनेलचं बटण दिलं होतं, दाबलं की स्पीडोमीटर सोडून बाकी सगळं विझायचं. शिवाय निळा रंग डोळ्यात नीट फोकस होत नाही, वय झालं की जास्तच. माझ्या वडिलांना निळ्या मीटरचे आकडे पसरलेले दिसतात, तांबूस मीटर असलेली जुनी गाडी ते अजून रात्री आरामात चालवतात.

चौथागियर
तुमचा रॉडचा हिशोब अंधाऱ्या खोलीत बसलेल्या माणसाला लागू आहे. गाडी चालवताना समोर हेडलाइटचा झोत पडलेला असतो, येणाऱ्यांचे लाइट असतात, डोळे पूर्ण सरावतातच कुठे? माझा चाक फिरवून उजेड अगदी कमी ठेवलेला असतो. जाता येता मला विज्ञान शिकवू नका.

मंदप्रकाश
शिकवत नाही. पूर्ण सरावत नाहीत हे खरं, तेवढं मान्य. पण अर्धवट सरावलेले डोळेही बिघडतात, आणि कमी ठेवायचा होता तर निळाच कशाला?

जुनीगाडी
कारण त्याला निळा आवडतो. गाडी त्याची आहे.

वायरमन_दादा
सगळे उजेडावर भांडताय, मला काट्याची काळजी आहे. चौथागियर, काटे काढले होतेस की डायलला फट होती?

चौथागियर
काढले. दोन चमचे लावून उचलले, खाली कापड.

वायरमन_दादा
आणि परत बसवताना शून्यावर लावले असशील. तिथेच घोळ होतो. स्प्रिंगचा किंवा जुन्या पद्धतीचा मीटर असेल तर काटा खालच्या खुंटीवर थोडा दाब देऊन टेकलेला असतो. काढायच्या आधी तो खुंटीवरून अलगद उचलून पलीकडे सोडायचा, मोकळा जिथे थांबेल तिथे चिकटपट्टीवर खूण करायची आणि बसवताना त्या खुणेवर बसवून मग खुंटीवर घ्यायचा. सरळ शून्यावर खुपसला की पूर्ण स्केलभर वेग चुकीचा. ईएल डायल मूळ डायलवर चढतो म्हणून जाडीपण वाढते, काटा फार खोल दाबलास तर घासतो आणि मधेच अडकतो.

तपासायचं असेल तर सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात फोनच्या जीपीएसशी ताडून बघ. मीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवतो ते ठीक, युनोचा 39 नंबरचा नियम आहे, खरा वेग 80 असेल तर मीटर 80 च्या खाली कधीच नको, 92 पर्यंत चालतो. तुझा कमी दाखवत असेल तर आजच काटा काढ.

चौथागियर
हे कामाचं बोललात. बघतो ताडून.

रातवा
आणि वायर? त्याबद्दल अजून एक शब्द नाही.

चौथागियर
पुन्हा तेच. मी लाइट लावायला विसरत नाही. कोणी एक माणूस विसरला म्हणून सगळ्यांनी काळोखात बसायचं?

रातवा
तोही हेच म्हणत होता, दार उघडून.

सांजवेळ
चौथागियर, तुम्ही विसरत नसाल. गाडी भाऊ नेतो, मित्र नेतो, उद्या विकाल तो नेईल. त्याला कोण सांगणार की या गाडीत पेटलेला मीटर म्हणजे लाइट चालू असं समजू नकोस?

वायरमन_दादा
तू रस्त्यावरच्यांसाठी बदलणार नाहीस ना, मग डायलसाठी बदल. ईएल जितके तास पेटतो तितका मंदावतो. काही हजार तासांत उजेड निम्म्यावर येतो, ओल आणि उष्णता असेल तर त्याआधी. दिवसा उन्हात तो पेटलाय हे दिसतही नाही आणि तू त्याचं आयुष्य तिथेच घालवतोयस. पार्किंगच्या लाइनवर घेतलास तर फक्त रात्रीचेच तास मोजले जातील.

चौथागियर
हे किटवर कुठेच लिहिलेलं नाही.

ठीक. वायर पार्किंगला घेतो. तुमच्या कॅनडासाठी नाही, डायल टिकावेत म्हणून. आणि रातवा, डायल मी काढणार नाही.

रातवा
काढ म्हणालोच नव्हतो. वायर हलली, माझं काम झालं. काट्याबद्दलचं मत मात्र बदलत नाही.

चौथागियर
काट्याचं मलाही खटकतंय हे आता सांगतो. वायरमनदादा, मधलं भोक थोडं मोठं केलं तर खालचा उजेड काट्याच्या बुडाशी पोचेल का?

वायरमन_दादा
पोचेल, पण ब्लेडने कापायला जाऊ नकोस. कडेचं आवरण फाटलं की ओल आत शिरते आणि तिथून काळे डाग पसरत जातात, शिवाय दोन थर एकमेकांना टेकले तर इन्व्हर्टर जाईल. मुळातच मोठ्या भोकाचा डायल मिळाला तर तो घे. आणि बसवायच्या आधी बाहेर जोडून पेटवून बघ, मीटर पुन्हा पुन्हा उघडला की मागची रिबन केबल तुटते. पार्किंगच्या फ्यूजच्या पुढून घे, इन्व्हर्टरला स्वतःचा छोटा फ्यूज दे, आणि बॅटरीची निगेटिव्ह काढल्याशिवाय स्टिअरिंगच्या आसपास हात घालू नकोस, तिथे एअरबॅग आहे.