सुलट आणि उलट तिप्पट ईटीएफ निम्मे-निम्मे घेतले की जोखीम संपते, हे पोरांना सांगणं थांबवा

पावस_रोड
ठाण्याच्या चाकरमानीसाहेबांनी काल लिहिलं : 'पाच लाख असतील तर अडीच लाखांचा टीक्यूक्यूक्यू घ्या, अडीच लाखांचा एसक्यूक्यूक्यू घ्या. नॅस्डॅक चढला तर एक कमावतो, पडला तर दुसरा. रात्री निवांत झोपा.' खाली आपल्याच गावांकडच्या पोरांनी 'उद्याच करतो' असं लिहिलंय. ते वाचून गप्प बसवेना.

हे दोन्ही ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात घ्यायचे फंड, अमेरिकेच्या नॅस्डॅक-100 निर्देशांकाच्या रोजच्या चालीच्या तिप्पट देतात, टीक्यूक्यूक्यू सुलट आणि एसक्यूक्यूक्यू उलट. रोजच्या, महिन्याच्या नाही. निर्देशांक एक दिवस 10 टक्के चढला आणि दुसऱ्या दिवशी 10 टक्के पडला, तर त्याच्या 100 चे 99 झाले. सुलट फंडात 100 चे 130 आणि मग 91. उलट फंडात 100 चे 70 आणि मग पुन्हा 91. दोन्ही खिशांतून नऊ-नऊ रुपये गेले, आणि निर्देशांक हलला फक्त एक टक्का. बाजार महिनाभर वर-खाली करत राहिला की दोघेही झिजतात. एसक्यूक्यूक्यूला पुन्हापुन्हा युनिटं एकत्र करून भाव वर आणावा लागतो, त्यात निर्देशांकाच्या चढण्याबरोबर या झिजेचाही हात आहे.

आता किती घ्यायचं ते. आधी ठरवा, एका सौद्यात किती गेले तर चालतील. पाच लाखांचा एक टक्का, म्हणजे 5,000 धरा. निर्देशांक 2 टक्के विरुद्ध गेला की बाहेर पडायचं, म्हणजे फंडात 6 टक्के. 5,000 भागिले 6 टक्के म्हणजे साधारण 83,000 ची खरेदी. कुठे अडीच लाख आणि कुठे 83,000! त्यातही 16 मार्च 2020 ला नॅस्डॅक-100 एका दिवसात 12 टक्क्यांच्या वर पडला, आणि 9 एप्रिल 2025 ला सुमारे 12 टक्के चढला. असा दिवस आला आणि वेळेत बाहेर पडता आलं नाही, तर त्या 83,000 तले 30,000 जातात. म्हणून मी त्याच्याही निम्मं घेतो, आणि एका वेळी एकच बाजू.

ठाण्यातला_चाकरमानी
तुम्ही सोयीचं उदाहरण घेतलंत. माझं बघा. निर्देशांक सलग दहा दिवस एक-एक टक्का चढला. सुलट फंडात 100 चे 134.4, उलट फंडात 100 चे 73.7. बेरीज 208. दिशा न ओळखता आठ रुपये सुटले! पडझडीतही असंच होतं. 2022 मध्ये टीक्यूक्यूक्यूचे जवळजवळ 79 टक्के गेले. ज्यांच्याकडे फक्त तोच होता त्यांना विचारा, दुसरी बाजू हवी होती की नाही.

पावस_रोड
दहा दिवसांचं गणित बरोबर आहे, ते मान्य. पण त्या दहाव्या संध्याकाळी तुमच्या हातात काय आहे ते बघा. 134 एका बाजूला, 74 दुसऱ्या बाजूला. निम्मे-निम्मे राहिलेत कुठे? तुम्ही आता चांगलेच तेजीवाले झालात. अकराव्या दिवशी निर्देशांक 5 टक्के पडला तर सुलटमध्ये 20 जातात, उलटमध्ये 11 येतात. नऊ रुपये गेले, आठाचा नफा संपला. आणि रोज पुन्हा समसमान करत बसलात तर एकाचं येणं दुसऱ्याच्या जाण्यात मिटतं, हातात राहतो तो फंडाचा खर्च आणि दलाली. म्हणजे तुमचा नफा येतो तो बाजार एकाच दिशेने चालेल या पैजेतून. पैज लावा, हरकत नाही, पण पोरांना 'निवांत झोपा' म्हणू नका.

मालवणी_झील
दोघांचा आकडो बघलंय. दोन्ही झिजतत तर दोन्ही विकूक काय हरकत? शॉर्ट मारूचे दोन्ही, म्हणजे उसने घेऊन आधी विकूचे.

गुहागरकरीण
भाऊ, इथून पाठवलेल्या पैशांवर ते चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण परदेशी एक्स्चेंजवर मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायचं तारण, भरायला नाही, आणि शॉर्ट मार्जिनशिवाय होत नाही. वर वर्षाला दहा लाखांपुढच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, आधी वसूल करतात. तो कर परत मिळेपर्यंत तेवढं भांडवल अडकलेलं. सौद्याचा आकार ठरवताना हा पैसा कोणी धरतच नाही, याचा मला भयंकर राग आहे.

आणखी एक. अमेरिकेत सगळा बाजार थांबवणारे ब्रेक 7, 13 आणि 20 टक्क्यांना लागतात, पण फक्त पडताना. चढताना सगळा बाजार कोणी थांबवत नाही. म्हणून उलट फंडाची रक्कम सुलटपेक्षा कमीच हवी. 9 एप्रिलला आयातशुल्क तूर्त थांबवल्याची ती बातमी आली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजत आले होते. माझ्या दिराकडे उलट फंड होता आणि तो जेवून झोपला होता. सकाळी त्याचा चेहरा बघवत नव्हता.

देवगड_बाग
'दोन्हीकडून सुरक्षित' असं कोणी म्हटलं की मला फळपीक विमा आठवतो. आमची बाग सड्यावर, महसूल मंडळाचं हवामान केंद्र खाली पलीकडे. मोहरावर अवेळी पाऊस पडला, फळगळ झाली, केंद्रावर नोंद नाही, म्हणून पैसे नाहीत. शेजारच्या मंडळात भावाच्या बागेत थेंब नाही, त्याला भरपाई! विमा बागेचा नसतो, केंद्रावरच्या आकड्याचा असतो. हे फंडही तसेच. कागदावर लिहिलेलं रोज पाळतात, तुम्ही मनात धरलेलं पाळत नाहीत.

ठाण्यातला_चाकरमानी
म्हणून विमा घ्यायचाच नाही का? केंद्रं वाढवा म्हणा. सगळ्याला नावं ठेवून बागा वाचत नाहीत.

देवगड_बाग
ठाण्यात बसून बागेचं शिकवू नका हो. फवारणीचा खर्च, पेट्यांचा खर्च, वाशीला उचल घेतलेली, आणि वर बँक कर्जातून हप्ता कापणार. तुम्ही मे महिन्यात येता, आंबे नेता, आणि आम्हाला जोखीम सांगता?

ठाण्यातला_चाकरमानी
माझ्या वडिलांची बाग अजून तिथेच आहे, राजापूरला. तिचा खर्च मी इथून पाठवतो. माहीत नसताना बोलू नका.

मालवणी_झील
तुमका निदान केंद्र तरी आसा. रापणीक मासळी नाय गावली तर कुठचो विमो? जून-जुलै बंदी, मगे वारो. आमची पोरा त्या दोन महिन्यांत रात्री मोबाइलवर ह्योच अमेरिकेचो बाजार खेळतत. उधारी करून.

पावस_रोड
झीलने सांगितलं तेच माझं दुखणं आहे. बाजार नियामक सेबीने 2024 मध्ये आकडे दिले, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सच्या वायदे बाजारात दर शंभरातले 93 किरकोळ लोक तोट्यात. आता तीच पोरं इकडे वळताहेत, कारण ईटीएफ म्हटलं की सुरक्षित वाटतं. उधारीच्या पैशांत या फंडांसाठी आकार एकच, शून्य.

गुहागरकरीण
आणि दादा, सगळ्या जोड्यांना एकच मोजमाप लावू नका. सेमीकंडक्टरवाल्या एसओएक्सएल-एसओएक्सएसची रोजची उडी नॅस्डॅकपेक्षा मोठी असते. तिथे तुमचे 83,000 सुद्धा जास्त होतील.

ठाण्यातला_चाकरमानी
ठीक आहे. 'निवांत झोपा' हे शब्द काढतो. निम्मे-निम्मेसुद्धा आठवड्यापुरतंच, असं लिहितो. पण एकच बाजू घेणारे जास्त शहाणे, हे मी मानणार नाही. दिशा चुकली की तुम्हीही जाता.

पावस_रोड
जातो, पण किती जाणार ते आधी ठरवून जातो. एवढंच म्हणणं होतं.

देवगड_बाग
ते हप्ता कापण्याचं कोणी सांगेल का? 2020 पासून कर्जदाराला विमा ऐच्छिक झाला म्हणतात, मग शाखा कापते कशी?

गुहागरकरीण
ऐच्छिक आहे, पण नको असेल तर तुम्हीच लेखी द्यायचं असतं. नोंदणीच्या शेवटच्या तारखेच्या किमान 7 दिवस आधी. आणि पोच घ्या काका, शिक्क्यासकट.