‘वॅगन ट्रॅक’ आणि ‘हॉट पास’
वेल्डरांच्या बोलीवरील या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले आहे, की पाइप वेल्डिंगमधला ‘वॅगन ट्रॅक’ हा शब्द रेल्वेने पाइप वाहून नेण्यावरून आला असावा, आणि ‘सिक्स जी’ हाही बोलीशब्दच आहे. ‘वॅगन ट्रॅक’बद्दलचे ते म्हणणे पटत नाही. सेल्युलोजचे आवरण असलेल्या वेल्डिंग रॉडने मारलेल्या रूट रनचा, म्हणजे जोडाच्या तळाशी पडणाऱ्या पहिल्या थराचा, मध्य फुगीर राहतो, त्याच्या दोन्ही कडांच्या खाचांत स्लॅग (रॉडच्या आवरणापासून बनणारा मळ) अडकतो आणि त्याची घनता पोलादापेक्षा कमी असल्यामुळे एक्स-रे फिल्मवर तो दोन समांतर काळ्या रेघांच्या रूपात उमटतो. ओल्या मातीत गाडीची चाकोरी उमटावी, तशा त्या दिसतात. हाच स्लॅग वितळवून वर आणण्यासाठी, ग्राइंडिंग होताच जास्त अँपिअरवर जो दुसरा थर मारतात, तो ‘हॉट पास’. म्हणून हे दोन्ही शब्द एकत्रच समजून घ्यावेत.

नाशिकला अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये मात्र वेल्डिंगच्या प्रकारांना नावे पडतात ती गॅस सिलिंडरवरून: टिगला (टंगस्टन इलेक्ट्रोडचे वेल्डिंग) ‘आर्गन’, मिगला (सतत पुढे येणाऱ्या तारेचे वेल्डिंग) ‘सीओटू’, मग त्या सिलिंडरमध्ये मिश्र वायू का असेना. ‘सिक्स जी’ला बोलीशब्द म्हणणेही बरोबर नाही, ४५ अंशांत तिरक्या, न फिरणाऱ्या पाइपवरील वेल्डिंग चाचणीचे ते वेल्डिंगच्या नियमांच्या संहितेतलेच नाव असून त्यातला ‘जी’ ग्रूव्हचा, म्हणजे जोडासाठी केलेल्या खाचेचा, आहे.