वर्क ऑर्डर झाल्यावर रेट वाढवून मागणं, हक्क की अडवणूक?

वायरिंगवाला_पुणे
मी पुण्यात इलेक्ट्रिकलची कामं घेतो, सबकॉन्ट्रॅक्टच, हाताखाली 14 पोरं आहेत. फेब्रुवारी 2024 ला एका बिल्डरच्या 40 फ्लॅटची ऑर्डर घेतली, मटेरियलसकट पॉइंटला (म्हणजे एका दिव्याच्या, पंख्याच्या किंवा सॉकेटच्या जोडणीला) 950 रुपये. मे महिन्यात लंडनच्या बाजारात तांबं टनाला 10 हजार डॉलरच्या वर गेलं, डीलरने भावाच्या लिस्टवर लिस्ट बदलली आणि मला वायर 18 टक्के महाग पडायला लागली. मी गप्प बसलो, वाटलं आत्ता बोललो तर काम जाईल. 16 फ्लॅट तसेच ओढले आणि मग शनिवारी पोरांचा पगार खिशातून द्यायची वेळ आली तेव्हा स्लॅबवर उभ्या उभ्या साहेबांना सांगितलं की 1100 करा नाहीतर उद्यापासून पोरं काढतो. 50 रुपये वाढवून मिळाले पण पुढच्या साइटला बोलावणं आलं नाही.

नंतर वही घेऊन बसलो तेव्हा कळलं. 950 मध्ये वायर होती 380 ची. त्याचे 18 टक्के म्हणजे 68. माझं नुकसान पॉइंटला 68 चं आणि मी मागितले 150! उरलेले 24 फ्लॅट, फ्लॅटला 60 पॉइंट, म्हणजे सगळा मिळून प्रश्न 98 हजारांचा होता.

माझं मत आता पक्कं झालंय. लिस्ट बदलली त्याच आठवड्यात एक पानी पत्र द्यायचं, सोबत जुनं बिल आणि नवं बिल, वाढ फक्त वायरच्या वाट्यावर, मजुरी तीच, कुठल्या फ्लॅटपासून लागू ते स्पष्ट, आणि ऑफिसातून पोचपावती घ्यायची. भाव उतरला तर आम्हीही उतरवू हेही त्यातच लिहायचं. काम थांबवायची भाषा चुकूनही नको. तुम्हाला काय वाटतं?

छोटा_बिल्डर_नाशिक
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी 20-25 फ्लॅटच्या स्कीम करतो. रेरा (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा) आल्यानंतर महाराष्ट्रात जो नमुना करारनामा आहे त्यात किंमत वाढणार नाही असं लिहिलेलं असतं, सरकारी चार्जेस वाढले तर तेवढीच सूट. म्हणजे ज्याने 2 वर्षांपूर्वी बुकिंग केलंय त्याच्याकडे मी एक रुपया जास्त मागू शकत नाही. मग तुमची वाढ मी कोणाकडून वसूल करू? रेट देताना तुम्ही सही केलीत, चढउतार धरूनच रेट द्यायचा असतो. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तांबं 9 हजारांच्या खाली आलं होतं तेव्हा माझ्याकडे एकही इलेक्ट्रिकलवाला रेट कमी करतो म्हणून आला नाही. सप्टेंबर 2025 ला सिमेंटचा जीएसटी 28 वरून 18 झाला, प्लास्टरवाले आले का? वाढलं की पत्र आणि उतरलं की शांत, हे कसं चालेल?

वायरिंगवाला_पुणे
ऑगस्टचं तुमचं बरोबर आहे, मीही तेव्हा गेलो नव्हतो, म्हणूनच उतरवायचं वाक्य पत्रात घातलंय. पण जीएसटीचं उदाहरण लागू होत नाही साहेब. प्लास्टरवाला जीएसटीत असेल आणि सिमेंट स्वतः आणत असेल तर त्याला भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, सहसा मिळतंच, 28 भरले काय आणि 18 भरले काय, त्याच्या खर्चात फरक पडत नाही.

शटरिंग_कोल्हापूर
दादा तुमची पद्धत मटेरियलवाल्यांना ठीक आहे. मी शटरिंग, म्हणजे स्लॅबचे साचे बांधतो, माझ्याकडे फक्त माणसं आहेत. पोरं होळीला गावी जातात, अर्धी परत येतात आणि येतात ती हजेरी (दिवसाची मजुरी) वाढवूनच, तिचं बिल कुठून आणू मी? आणि पत्राचा अनुभव सांगतो, एकदा दिलं होतं. परचेसवाल्यांनी तेच पत्र समोर ठेवून दुसऱ्या तिघांकडून कोटेशन मागवली आणि पुढच्या स्लॅबला दुसरी टोळी उभी. तेव्हापासून मी कागद देत नाही, साहेबांना समोर भेटतो, चहा होतो, डोळ्यात बघून सांगतो. लहान माणसाचं पत्र म्हणजे स्वतःच्या हाताने काम सोडल्याचा कागद.

बिलिंग_डेस्क
मी एका बिल्डरकडे बिलिंग बघतो म्हणून दुसरी बाजू सांगतो. चहावर ठरलेलं आमच्यापर्यंत पोचत नाही. आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याने येणारं बिल) आलं की मी वर्क ऑर्डरचा रेट बघतो, जास्त लावला असेल तर कापतो, साहेब काय बोलले होते ते मला माहीत नसतं. मग भांडण माझ्या टेबलवर. "सगळंच महाग झालंय" हे मी वर पाठवू शकत नाही, दोन बिलं जोडलेलं पत्र पाठवू शकतो. मजुरीलाही आधार आहे. किमान वेतनाचा विशेष भत्ता सरकार दर 6 महिन्यांनी बदलतं, जानेवारी आणि जुलैला, तो कागद लावा ना. केंद्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या लांब मुदतीच्या ठेक्यात 10 सीसी कलम कित्येक वर्षं आहे, मजुरी-मटेरियल वाढलं की सूत्राने पैसे मिळतात, तिथे कोणी त्याला अडवणूक म्हणत नाही. ऑर्डर घेतानाच "हा रेट अमुक तारखेपर्यंत" एवढी एक ओळ टाकून घ्या, नंतरची निम्मी कटकट वाचते.

शटरिंग_कोल्हापूर
भत्त्याच्या कागदावर जेवढं वाढतं त्याच्या दुप्पट पोरं मागतात हो. कागद सरकारचा, पोरं नाक्यावरची.

प्लंबिंग_ऑफिस_ठाणे
मिस्टर साइट बघतात, मी हिशोब. सगळे रेटवर अडकलेत पण आमचं नुकसान उशिरात होतं. बिल 90 दिवसांनी सुटायचं आणि डीलर 30 दिवसांनंतर व्याज लावायचा. मागच्या वर्षी पाइप वाढले तेव्हा आम्ही रेट वाढवून मागितलाच नाही, लिहून दिलं की जुन्याच रेटने करतो पण मटेरियलचे पैसे माल साइटवर उतरला की 15 दिवसांत द्या. त्यांनी दिले. बिल्डरलाही ते सोपं गेलं कारण बजेट हललं नाही. दुसरा मार्ग म्हणजे पाइप-फिटिंग त्यांनीच आणून द्यायचं आणि आपण फक्त लेबर रेट घ्यायचा, मार्जिन कमी होतं पण रात्री झोप लागते.

छोटा_बिल्डर_नाशिक
ताईंचं मला पटलं, हे मी उद्या करू शकतो. मजुरीच्या वाढीला मात्र माझा अजूनही नकार आहे, माणसं सांभाळणं हे ठेकेदाराचंच काम. वायरसाठी एक सांगतो, पहिले 5 टक्के तुमचे, त्याच्यावर जे वाढेल ते माझं, आणि खाली येताना पण तसंच. हे ऑर्डरमध्ये घालायला तयार आहे.

वायरिंगवाला_पुणे
साहेब, 5 टक्के म्हणजे पॉइंटला 19 रुपये. त्या 24 फ्लॅटवर 27 हजार झाले असते, माझ्या एका कारागिराचा महिना. 3 करा. 3 असेल तर उतरतानाचं आधी माझ्या सहीने लिहून देतो, लिस्ट खाली आली की तुमच्या माणसाने विचारायच्या आत पत्र तुमच्या ऑफिसला येईल. आणि शटरिंगवाले दादा, तुमच्या पोरांच्या हजेरीचं उत्तर माझ्याकडे खरंच नाही, कोणाला सुचलं तर इथे लिहा.