पिंक फ्लॉइड तुम्हाला पहिल्यांदा कोणी ऐकवलं?

हा ब्रिटिश रॉक बँड आपल्याकडे वरातीत वाजला नाही, गणपतीच्या मांडवात लागला नाही, शेजारच्या घरातून सहज कानावर पडावा इतकाही पसरला नाही. तरी ठाण्यात, कळव्यात, वाशीत, बेलापुरात त्याचे वेडे भेटतातच. म्हणजे प्रत्येकाला तो कोणीतरी आणून दिलेला आहे. ते कोण, कुठली खोली, कुठलं यंत्र, आणि नेमकं काय ऐकल्यावर तुम्ही अडकलात, ते इथे लिहा, वर आपापल्या भागाचं नाव टाकून. ‘छान बँड आहे’ एवढ्यावर सोडू नका, सविस्तर येऊ द्या. सुरुवात मी करतो.

साल 1989, नौपाडा. आमच्या वरच्या मजल्यावरचा दादा बोटीवर नोकरीला होता. सुट्टीवर आला की त्याच्याबरोबर गाण्यांचा साठा यायचा. त्याने मला 90 ची एक कॅसेट भरून दिली. एका बाजूला 1973 चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’, दुसऱ्या बाजूला 1975 चा ‘विश यू वेअर हिअर’. पहिला साधारण 43 मिनिटांचा, दुसरा 44. म्हणजे 45 मिनिटांच्या बाजूत दोन्ही अल्बम कापाकापी न करता बसतात. त्या काळी भरलेल्या किती कॅसेटींवर हीच जोडी असेल! कव्हर नव्हतं. लेबलवर बॉलपेनने ‘पी. एफ.’ एवढंच लिहिलेलं. गाण्यांची नावं नाहीत, गाणाऱ्यांची नाहीत. एक गाणं कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं तेही मला बरेच दिवस माहीत नव्हतं, आणि ते उत्तमच झालं असं मी आजही मानतो. ‘डार्क साइड’ हृदयाच्या ठोक्यांनी उघडतो आणि ठोक्यांवरच मिटतो. एलपी तबकडीची बाजू उलटायला लागते तेवढी एक फट सोडली तर मध्ये थांबायला जागा नाही. आमच्या टेपवर गाणं पुढे ढकलायला गेलं की फीत गुंतायची, म्हणून सगळी बाजू सलग ऐकायची. फ्लॉइडचा चाहता असाच घडतो, असं माझं ठाम मत आहे. तुमचं वेगळं असेल तर तेही लिहा.

वर्तकनगर, ठाणे

मी तबला शिकत होतो. गुरुजींनी रूपक घेतला होता. ती ती ना, धी ना, धी ना. रूपकात समेवरच खाली, म्हणजे तालातली हलकी जागा, येते, त्यामुळे नवख्या हाताला तो लवकर बसत नाही. घरीदारी, बसमध्ये, मी मांडीवर सात मात्रा मोजत असायचो. त्याच सुमारास वाशीला मामाकडे गेलो होतो, तिथे मामेभावाने ‘मनी’ लावलं. आधी नाणी खुळखुळतात, कागद फाटतो, गल्ला उघडतो, आणि हे सगळं तालात! बोटं आपोआप मोजायला लागली. चारात बसेना, सहात बसेना. मग बास गिटार आली आणि लख्ख कळलं, सात.

भावाला म्हटलं, ‘अरे, हे सातात आहे.’ तो म्हणे, ‘कसलं सातात, रॉक आहे तो.’ गाणं परत लावलं आणि त्याच्या टेबलावर ठेका धरून दाखवला. विभाग रूपकासारखे तीन-दोन-दोन पडत नाहीत, हे खरं. पण आवर्तन सातचंच. आणि खरी गंमत पुढे आहे. सॅक्सोफोन सातातच वाजतो. डेव्हिड गिलमोरचा गिटारचा सोलो सुरू झाला की सगळे चारात येतात, आणि सोलो उरकला की पुन्हा सात. ही उडी इतकी सफाईदार आहे की मोजत नसाल तर जाणवतसुद्धा नाही. नंतर वाचलं की सुरुवातीचा नाण्यांचा आवाज म्हणजे फितीचे मोजून कापलेले सात तुकडे, चिकटवून त्यांचं वेटोळं केलेलं, आणि ते यंत्रावर गोल फिरवलेलं. संगणकाचा त्यात काही संबंध नव्हता.

गुरुजींना ऐकवायचं धाडस केलं. त्यांनी डोळे मिटले, बोटांच्या पेरांवर मोजलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, ‘सम कुठे सोडत नाहीत रे.’ गुरुजी कोणाचं सहसा कौतुक करत नाहीत. त्या दिवसापासून मी फ्लॉइडचा.

नेरूळ

माझ्याकडे आधी टी-शर्ट आला, गाणी नंतर. काळा, त्यावर ‘डार्क साइड’च्या कव्हरवरचा तो त्रिकोण. ठाणे लोकलमध्ये एका काकूंनी विचारलं, ‘यांचं कुठलं गाणं आवडतं गं तुला?’ मी म्हटलं, अजून ऐकलं नाहीये, तुम्हीच सांगा. त्यांनी उतरता उतरता ‘टाइम’ म्हणून सांगितलं. घरी येऊन लावलं. घड्याळांचा तो एकदम उठलेला गलबला ऐकून आई स्वयंपाकघरातून धावत आली. आता दोघी ऐकतो.

घंटाळी, ठाणे

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. प्रकाशाचं अपस्करण शिकवत होतो. फळ्यावर लोलक काढला, ‘तानापिहिनिपाजा’ पोरांकडून घोकून घेतलं. एका मुलाने दप्तरातून मोठ्या भावाच्या ‘डार्क साइड’च्या सीडीचं कव्हर काढलं आणि म्हणाला, ‘सर, यात सहाच रंग आहेत.’ पाहतो तर खरंच, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे, पण पारवा गायब. त्या मुलाची नजर मला फार आवडली. कव्हर एवढं बोलतंय तर आत काय आहे बघावं, म्हणून सीडी घरी मागून आणली. हिपग्नोसिस या संस्थेने ते चित्र करून घेतलं होतं, आणि कव्हरवर पुढे ना बँडचं नाव आहे ना अल्बमचं. असं करायला आपल्या कामावर केवढा विश्वास लागत असेल! पुढे हा धडा आला की मी वर्गात कव्हर न्यायचो आणि आधी रंग मोजायला लावायचो.

कळवा

दिवसा हॉस्पिटलमध्ये नोकरी, संध्याकाळी गाण्याचा क्लास. रात्रपाळीत सोबतच्या मैत्रिणीने एका कानातला इयरफोन माझ्या कानात घातला. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. बाईचा आवाज, आणि शब्द एकही नाही. आमच्या बाई आकारात गायला लावतात तेव्हा मला नेहमी वाटायचं, शब्दांशिवाय कोण किती वेळ ऐकेल? त्याचं उत्तर त्या साडेचार मिनिटांत मिळालं. आवाज वर जाऊन फाटेल असं वाटतं, फाटत नाही, आणि मग तो इतका खाली, इतका मऊ येतो की आपला श्वास अडकतो.

गाणाऱ्या बाईंचं नाव क्लेअर टॉरी. जानेवारी 1973 मधल्या एका रविवारी त्यांना अ‍ॅबी रोड स्टुडिओत बोलावलं. शब्द नाहीत, काय सुचेल ते गा, असं सांगितलं. मोबदला 30 पौंड. ती सुरावट त्यांनी तिथल्या तिथे रचली, पण गाण्याचं श्रेय बँडमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या एकट्या रिचर्ड राइटच्या नावावर होतं. 2004 मध्ये त्या कोर्टात गेल्या, 2005 मध्ये तडजोड झाली आणि मग सहरचनाकार म्हणून त्यांचं नाव लागलं. मी हे गाणं कोणालाही ऐकवते तेव्हा आधी त्यांचं नाव सांगते. तुम्हीही सांगत जा.

कोपरखैरणे

फेब्रुवारी 2007. फ्लॉइडचे जुने बासवादक आणि गायक रॉजर वॉटर्स वांद्रे-कुर्ला संकुलात आले होते. मित्राकडे एक तिकीट उरलं म्हणून मी गेलो, त्याआधी फक्त नाव ऐकून होतो. उत्तरार्धात ‘डार्क साइड’ सगळाच्या सगळा. आवाज फक्त स्टेजवरून येत नव्हता. घड्याळं माझ्या पाठीमागे वाजली आणि मी वळून बघितलं! ती घड्याळं ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती, चारही बाजूंनी येणाऱ्या आवाजाच्या चाचणीसाठी. म्हणजे ज्यासाठी टिपली तशीच मला मिळाली. कुर्ल्याहून हार्बरने परतताना मित्र आणि मी एक अक्षर बोललो नाही.

पाचपाखाडी, ठाणे

माझं वय 66. मुलगा इंजिनिअरिंगला असताना त्याच्या खोलीतून ट्रान्झिस्टरची खरखर ऐकू आली. विविध भारती लावताना काटा जरा इकडेतिकडे झाला की यायची, तशीच. मी हातातली कोथिंबीर निवडता निवडता आत गेले आणि म्हटलं, ‘अरे, स्टेशन नीट लाव तरी.’ तो म्हणाला, ‘आई, ते गाण्यातच आहे. दोन मिनिटं थांब.’ लांबून, बारीक आवाजात गिटार वाजत होती, रेडिओवर वाजावी तशी. मग दुसरी गिटार आली, ती मात्र अगदी जवळून, तारेवरचं बोट घासलेलं कळेल इतकी. जणू कोणी खोलीत बसून त्या रेडिओला साथ देतंय. मी कॉटवर बसलेच.

‘विश यू वेअर हिअर’. मग मुलाने सिड बॅरेटची हकिकत सांगितली. बँड उभा करणाऱ्यांतला हा एक. मन ठिकाणावर राहिलं नाही, 1968 मध्ये बाहेर पडला. 5 जून 1975 ला बाकीचे स्टुडिओत त्याच्यावरच्याच गाण्याचं काम करत होते, तेव्हा तो न सांगता आला. अंगाने सुटलेला, डोकं आणि भुवया भादरलेल्या. बराच वेळ कोणाला ओळखता आला नाही. मला इंग्रजी ओळी सगळ्या कळत नाहीत, पण हे कळलं. माझ्या थोरल्या दिरांचं असंच झालं होतं. घरात त्यांच्याबद्दल कोणी बोलायचं नाही. त्या दुपारी मुलाशी मी पहिल्यांदा त्यांच्याबद्दल बोलले.

बेलापूर

यूट्यूबवर ‘लाइव्ह एट’ हा कार्यक्रम, लंडनचं हाइड पार्क, 2 जुलै 2005. बँडचे चौघे 24 वर्षांनी एकत्र. शेवटी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहतात. 2008 मध्ये रिचर्ड राइट गेले, म्हणजे ते पुन्हा होणारच नव्हतं. मी आधी ते दृश्य पाहिलं आणि मग मागे मागे जात सगळे अल्बम ऐकले.

ऐरोली

पहिल्या पोस्टशी मी सहमत नाही. मला एका गाण्याने पकडलं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सीनिअर मुलांनी ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चा दुसरा भाग वाजवला होता. मूळ गाण्यात लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतली 23 मुलं गायली आहेत. आमच्याकडे ती जागा सगळ्या हॉलने घेतली. परीक्षेच्या धास्तीतली आम्ही शेकडो पोरं एका सुरात ओरडत होतो. चार मिनिटांत माझा निकाल लागला. सलग ऐकायला वेळ मिळणं हीसुद्धा चैन आहे, काका. प्रत्येकाकडे कुठून असणार ती?

ठाणे

वेळ लोकल देते ना! मी रोज ठाण्याहून पनवेलला कॉलेजला जाते. गाडीत बसायला मिळालं की ‘डार्क साइड’ पूर्ण होतो आणि वर थोडा वेळ उरतो. ‘मेडल’ या अल्बममधलं ‘एकोज’ साडेतेवीस मिनिटांचं, ठाण्याला सुरू केलं की तुर्भ्याच्या आसपास संपतं. मला ‘डार्क साइड’ यूट्यूबने आपणहून सुचवला होता, पण अ‍ॅपमध्ये दोन गाण्यांच्या सांध्यावर जाहिरात घुसायची. वाढदिवसाला बाबांकडून पैसे भरून घेतले, ते फक्त या एका अल्बमसाठी.

खारघर

भावजींच्या गाडीत तुकड्या-तुकड्याने ऐकलंय, आवडलंय. आता नीट ऐकायचं आहे. कुठून सुरुवात करू?

नौपाडा

ऐरोलीकर, गॅदरिंगचा अनुभव वाचून अंगावर काटा आला, तुमचं म्हणणं मान्य. पण खारघरकर, तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. ‘विश यू वेअर हिअर’ आधी घ्या, ‘डार्क साइड’ नंतर. पहिल्यात पाचच गाणी आहेत आणि सुरुवात सावकाश होते, कानाला बसायला वेळ मिळतो. पहिल्याच गाण्यात गिटारचे चार सूर आहेत, ते यायला जवळजवळ चार मिनिटं लागतात, तोवर पुढे जाऊ नका. मग ‘मेडल’, मग 1977 चा ‘अ‍ॅनिमल्स’. ‘द वॉल’ दोन तबकड्यांचा आहे, तासाहून जास्त चालतो, तो सुट्टीच्या दिवशी. हेडफोन नसेल तर दोन स्पीकर तरी हवेतच, कारण ‘ऑन द रन’मध्ये पावलं एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे धावत जातात आणि मोबाइलच्या एका स्पीकरवर ती हलतच नाहीत. गाडीत ऐकणार असाल तर भावजींना सायन-पनवेल रस्ता मोकळा असेल तेव्हा काढायला सांगा. ऐकून झालं की इथे लिहा.