आईला आधी मास्क लावला, आणि माझी पिशवी फुगलीच नाही

डिचोलीची_लेक
नमस्कार. विमानातलं कळणाऱ्यांनी कृपया उत्तर द्या. बारा दिवस झाले, हेच डोक्यात आहे.

चवथीसाठी आईला (वय 71) दिल्लीहून, भावाकडून घेऊन येत होते. मोपाचं विमान. निघून तासभर झाला असेल, एकदम कानांत दडे बसले. आईच्या मांडीवर केळ्याच्या वेफर्सचं न फोडलेलं पाकीट होतं, ते टम्म फुगून उशीसारखं झालं. मी त्याकडे बघतेय तोवर डोक्यावरची झाकणं खाडकन उघडली, पिवळे मास्क लोंबायला लागले आणि विमान नाक खाली करून निघालं.

मी आधी आईला मास्क लावला. इलॅस्टिक तिच्या अंबाड्यात अडकलं, ते सोडवण्यात किती वेळ गेला देव जाणे. मग माझा ओढला, तर पिशवी फुगेचना, आणि वरून जळका वास. वाटलं, माझा बंद आहे आणि वर आग लागलीय. काढून टाकला. पलीकडच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलाने तो परत माझ्या तोंडावर दाबून धरला. पाच-सहा मिनिटांनी विमान सरळ झालं, इंदूरला उतरवलं. सगळे सुखरूप.

माझा मास्क खरंच बंद होता का? आणि आईला आधी लावला हे चुकलं का? सूचना दर वेळी ऐकते हो, पण आई शेजारी असली की हात तिच्याकडेच जातो. तिचा उजवा कान अजून बंद आहे आणि 27 तारखेला तिला परत न्यायचंय.

वास्कोचा_मेकॅनिक
ताई, दाबोळीला नौदलाच्या विमानांवर 22 वर्षं काम केलंय, म्हणून लिहितो. तुमचा मास्क बहुधा चालू होता. ऑक्सिजन सतत बारीक धारेने येतो आणि आपण तो ओढून घेतो, त्यामुळे पिशवी फुगलेली दिसेलच असं नाही. जळका वासही त्याचाच. बऱ्याच विमानांत डोक्यावर सिलिंडर नसतो, रसायनाची डबी असते. मास्क ओढला की आत रासायनिक क्रिया सुरू होते, ऑक्सिजन सुटतो, डबी खूप तापते आणि तिच्यावरची धूळ करपते. ती साधारण 12 ते 15 मिनिटं चालते. तेवढ्यात वैमानिकाने 10,000 फुटांवर यायचं असतं, तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. ते नाक खाली घालणं त्यासाठीच होतं, विमान कोसळत नव्हतं.

आता दुसरा प्रश्न. एरवी केबिनमधली हवा 6 ते 8 हजार फुटांवरच्यासारखी राखलेली असते. ती 14,000 च्या आसपास गेली की मास्क आपोआप पडतात. तुमची गळती सावकाश असावी म्हणून वेळ मिळाला. 35,000 फुटांवर दाब एकदम गेला तर माणूस भानावर राहतो जेमतेम अर्धा ते एक मिनिट, आणि भान जातंय हे त्याला स्वतःला कळत नाही. 14 ऑगस्ट 2005 ला लार्नाकाहून अथेन्सला निघालेल्या हेलिऑसच्या विमानात दाबाचा स्विच मॅन्युअलवर राहिला होता. भोंगा वाजला, वैमानिकांना तो वेगळ्याच बिघाडाचा वाटला, आणि ते बेशुद्ध झाले. 121 माणसं गेली. अंबाड्यातलं इलॅस्टिक सोडवता सोडवता तुम्हीच आडव्या झाला असता, तर आईला कोणी बघितलं असतं? पुढच्या वेळी आधी स्वतःचा लावा. त्याला पाच सेकंद लागतात.

फोंड्याची_नर्स
मी नाक-कान-घशाच्या ओपीडीत असते. बारा दिवस कान बंद म्हणजे पडद्यामागे पाणी साठलेलं असू शकतं, पडद्याला इजाही झालेली असू शकते. विमान झपाट्याने खाली येतं तेव्हा बाहेरचा दाब वाढतो आणि कानाची नळी तेवढ्या वेगाने उघडत नाही. दुर्बिणीने तपासून घ्या, त्याआधी 27 चं पक्कं करू नका. तेल अजिबात घालू नका. सर्दी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

डिचोलीची_लेक
दोघांचे मनापासून आभार. वासाचं वाचून रडूच आलं, इतके दिवस मला ती आगच वाटत होती. आज कान दाखवला. पडदा शाबूत आहे, मागे पाणी आहे, तीन आठवडे विमान नको म्हणाले. तिकीट पुढे ढकललं.

संध्याकाळी आईला सांगितलं, पुढच्या वेळी मी आधी माझा लावणार. ती म्हणाली, "मग मी अंबाडा नाही घालत, वेणी घालते."