चेहऱ्याच्या नसेचं ऑपरेशन: ड्रिल की अल्ट्रासोनिक?
सांगलीच्या एका दादांनी विचारलंय, वडिलांच्या चेहऱ्याच्या नसेवरचं हाड ड्रिलऐवजी अल्ट्रासोनिक यंत्रानं काढलं तर नसेला काहीच धोका नाही ना? मिरजेत ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते म्हणून सांगते. या यंत्राचं टोक सेकंदाला साधारण २५ ते ३० हजार वेळा, केसभर अंतरातच थरथरतं. हाड कापलं जातं. मऊ नस कंपनाबरोबर हलते, सहसा चिरत नाही. ड्रिलचं फिरतं टोक (बर) निसटलं तर नस फाटू शकते. पण जोर देऊन दाबलं की हे अल्ट्रासोनिक टोकही तापतं, आणि उष्णतेनं नस दुखावते. म्हणून सलाइनची धार अखंड हवी. वेळही जास्त लागतो. नसेची हाडातली नळी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम ०.७ मिलिमीटर असते, तिथे सर्जनचा हातच महत्त्वाचा. दादा, नर्व्ह मॉनिटर (ऑपरेशन चालू असताना नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र) लावणार का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.