इंजिन आतून स्वच्छ ठेवायचं तर: ऑइल, जाळी, फिल्टर – जाणकारांनी लिहा

मोटरसायकल बाहेरून पुसली की चकाकते. आतलं खरं चित्र मात्र ड्रेन नट (इंजिनच्या तळाचा, ऑइल सोडायचा) उघडल्यावरच दिसतं. ज्यांचे हात या कामात नेहमी काळे होतात त्यांनी लिहावं: कोणतं ऑइल, किती, कधी, आणि उघडल्यावर काय सापडतं. किस्से कमी, नट-माप-कारण जास्त, असं आलं तर सगळ्यांच्या कामाचं. सुरुवात मीच करतो.

बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात. त्यामुळे डबा घेताना ब्रँडच्या आधी मागची बारीक अक्षरं वाचा. जासो (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. एमबी हे ऑइल ज्यांचा क्लच कोरडा असतो त्या स्कूटरसाठी. कारचं उरलेलं ऑइल ओतलं, तर त्यातले घर्षण कमी करणारे घटक क्लच प्लेटांना नडू शकतात. चढावर मूठ पिळली की आवाज वाढतो, वेग वाढत नाही. वर घसरणाऱ्या प्लेटांचा चुरा ऑइलमध्येच मिसळतो.

ग्रेड, म्हणजे ऑइलच्या जाडपणाचा आकडा, मॅन्युअलमधलाच. १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात ‘जाड ते चांगलं’ म्हणून २०डब्ल्यू-५० घातलं, तर थंड इंजिन चालू करताना ते वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) उशिरा पोचतं. झीज नेमकी त्याच काही सेकंदांत जास्त होते.

—

‘ऑइल काळं झालं, म्हणजे वाया गेलं’ हा समज आधी काढून टाका. चांगल्या ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट असतात. पहिला घटक पिस्टन-रिंगांवर थर धरू देत नाही आणि तयार होणारं आम्ल मारतो, दुसरा काजळीचे कण सुटे सुटे तरंगत ठेवतो. ऑइल काळं पडतंय म्हणजे घाण भिंतीला न चिकटता ऑइलमध्ये आली आहे. हे घटक संपले की तीच काजळी एकत्र येऊन गाळ होते. रंग पाहून नव्हे, किलोमीटर आणि महिने पाहून बदलायचं ते यासाठी.

काळजी करायची ती वासाची आणि पातळीची. ऑइलची पातळी मोजायच्या कांडीवर पेट्रोलचा वास, ऑइल पाण्यासारखं पातळ आणि पातळी आपोआप वाढलेली, असं कार्ब्युरेटरच्या गाडीत असेल तर त्याची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय आणि पेट्रोलचा कॉकही चालू राहतोय. आधी नीडल, मग ऑइल. नाहीतर नवं ऑइलही काही दिवसांत तसंच होणार.

ऑइल भरायच्या बुचाच्या आतल्या बाजूला दुधाळ पिवळट लेप दिसतो तो पाण्याचा. पेट्रोल जळताना वाफ होते, ती थोडी रिंगांजवळून खाली उतरते. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली, तर ऑइल पुरतं तापत नाही आणि ते पाणी उडून जात नाही. अधूनमधून सलग अर्धा तास गाडी पळवा, लेप जातो. कूलंटवाल्या गाडीत तसं करूनही ऑइल दुधाळच राहिलं आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (सिलिंडर आणि हेडमधलं पॅकिंग) किंवा वॉटर पंपाचं सील बघावं लागेल.

—

बदलायची पद्धत. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा. उकळतं ऑइल हात भाजतं, थंड ऑइल गाळ तळाशीच सोडतं. गाडी मेन स्टँडवर, जमीन सपाट. वरचं बूच आधी सैल करा, हवा मिळाली की ऑइल सलग उतरतं. पुढची दहा-पंधरा मिनिटं काही करू नका. शेवटी टपकणारे थेंबच सगळ्यात घाण असतात.

ड्रेन नटाचं वायसर दर वेळी नवं. ॲल्युमिनियम किंवा तांब्याचं वायसर दबून फट भरतं; दबलेलं पुन्हा वापरलं की पाझरतं. मग पाझर थांबवायला नट जोरात आवळला जातो आणि क्रँककेसचे (इंजिनच्या खालच्या कवचाचे) आटे जातात. एम१२ (१२ मिमी जाडीच्या) नटाला साधारण २५ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) पुरतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. टॉर्क पाना नसेल तर आखूड पाना वापरा, लांब पान्याने आवळणं म्हणजे आट्यांशी वैर.

मॅन्युअलमध्ये ऑइलची दोन-तीन मापं असतात: नुसतं बदलताना, फिल्टरसह बदलताना आणि इंजिन खोलल्यावर. लहान इंजिनांत ती ९०० मिलि आणि १ लिटर अशी असू शकतात. डबा एक लिटरचा आहे म्हणून पूर्ण ओतू नका.

—

वरच्याला जोडून. जास्त ऑइलने काय होतं? क्रँक ते घुसळतो, फेस होतो, दाब वाढतो आणि ऑइल ब्रीदरच्या (इंजिनमधला दाब सोडणाऱ्या) नळीतून एअर बॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात जातं. एअर फिल्टर भिजला की हवा कमी, पेट्रोल जास्त. पिस्टनच्या डोक्यावर कार्बन. शंभर मिलि जास्त ओतल्याची ही एवढी लांब शेपटी.

पातळी मोजताना गाडी सरळ उभी, दोन-तीन मिनिटं चालवून बंद, मग तेवढाच वेळ थांबायचं. काही गाड्यांत कांडी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, काहींत पूर्ण फिरवून. उलट केलं की माप चुकतं.

—

फिल्टरचं सगळ्यांना माहीत असतं, जाळी विसरतात. पुष्कळ लहान इंजिनांत कागदी फिल्टर नसतोच. खाली तारेची जाळी आणि क्लच कव्हरच्या आत क्रँकच्या टोकाला फिरणारी वाटी, एवढंच. वाटी गरगर फिरते, जड कण कडेला फेकले जाऊन तिथेच बसतात. वाटीचं झाकण काढलं की आत करडा-काळा घट्ट लगदा मिळतो. नखाने ओढला तर रेघ उमटते. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ही सफाई दर १२,००० किमीला दिलेली असते, आणि क्लच कव्हर खोलावं लागतं म्हणून तीच टाळली जाते.

खरवडायला लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या. एक जपा: मधलं भोक थेट बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या) बेअरिंगकडे जातं. लगदा त्यात ढकलला, तर सफाई न केलेली बरी होती असं म्हणायची वेळ येते. झाकणाचं आणि कव्हरचं, दोन्ही पॅकिंग नवीन लावा.

जिथे कागदी फिल्टर आहे तिथे स्प्रिंग आणि ओ-रिंग कुठल्या बाजूला होती त्याचा काढतानाच फोटो घ्या. फिल्टर उलटा बसला तर ऑइलची वाटच अडते.

—

डिझेल किंवा रॉकेल घालून फ्लश: नको. पूर्ण निथळत नाही, उरलेलं नव्या ऑइलला पातळ करतं. सुटलेले ढेकळे जाळीत अडकतात ते वेगळंच. आत फारच गाळ असेल तर त्याच ग्रेडचं साधं ऑइल घाला, ३००-५०० किमीवर काढा, जाळी धुवा, पुन्हा एकदा तसंच करा. हळूहळू सुटलेला गाळ वाट अडवत नाही.

—

एअर फिल्टरचा इथे काय संबंध असं वाटेल, पण रस्त्यावरची धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती सिलिंडर आणि रिंगांमध्ये घासते, रिंगा सैल होतात, जळलेला वायू खाली उतरतो आणि ऑइल लवकर मरतं. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुवून वाळवा, ऑइल लावा, पिळून जादाचं काढा. तेलकट कागदाचा असेल तर धुवायचा नाही, हवाही मारायची नाही, सरळ बदलायचा. एअर बॉक्सखालच्या नळीच्या बुचात काळं ऑइल-पाणी साठतं, तेही सोडा.

—

गाडी कमी चालते त्यांच्यासाठी: वर्षातून एकदा तरी ऑइल बदलाच, किलोमीटर काहीही असोत. उभ्या गाडीतही ओलावा आणि आम्ल आपलं काम करत असतात. सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त टिकतं, पण जाळीत अडकलेला कचरा त्याने कमी होत नाही.

—

काढलेलं ऑइल लगेच टाकू नका. पसरट भांड्यात उजेडाला धरा, तळाशी लोहचुंबक फिरवा. चुंबकावर मऊ करडी पेस्ट आली तर नेहमीची झीज. नव्या गाडीच्या पहिल्या ऑइलमध्ये बारीक चकाकी दिसतेच, म्हणून ते ५०० ते १००० किमीच्या दरम्यान काढतात. काळे-तपकिरी तंतू क्लच प्लेटांचे. प्लास्टिक किंवा कडक रबराचे तुकडे टायमिंग चेनच्या (कॅम फिरवणाऱ्या साखळीच्या) गाइडचे. आवाज वाढण्याआधीच कव्हर उघडा. नखाला टोचतील असे लोखंडी कपचे किंवा चुंबकाला न चिकटणारी पिवळी पितळी पापुद्री दिसली, तर नवं ऑइल ओतून गाडी चालवू नका. आधी इंजिन खोलायचं.